नेमका प्रश्न काय? : रुग्णालय आणि त्याचा ग्रंथपाल



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन मंडळी माझ्या घरी आली तेव्हा मी संतवाङ्मयावर, नाहीतर माळव्यातील मराठीवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा होती. जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने दुसऱ्या कशावर बोलायचे? मी विषय सांगितला तेव्हा सारे एकमेकांकडे पाहू लागले. एकाने तर अत्यंत आदराने विचारले, "सर, प्रकृती ठीक आहे ना?"

प्रकृती ठीक आहे. विषय मात्र रुग्णालयाचाच आहे, आणि तो निवडण्याचे कारण ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत तेच आहेत. त्यांचे नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आहे. मी त्यांना आयुष्यभर नुसते 'सर' म्हणत आलो, आजही तसेच म्हणेन. चित्रकलेच्या वर्गाशेजारची ती अंधारी खोली, पाच कपाटे, एक टेबल आणि टेबलामागे सर. आपण म्हणावे, "सर, एखादे चांगले पुस्तक द्या." सर कपाटाकडे वळायचे नाहीत. चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "नेमके काय हवे आहे?" आम्हाला त्या प्रश्नाचा राग येई. पुस्तक मागितले तर पुस्तक द्यावे, उलटतपासणी कशाला? परंतु दोन-तीन प्रश्नोत्तरांनंतर जे पुस्तक हातात पडे ते आपल्याला हवे होते हे आपल्यालाच ठाऊक नसे.

माझी थोरली बहीण, जिला आम्ही ताई म्हणत असू, त्या खोलीत माझ्याहून अधिक रमली. शाळा सुटल्यावर ती सरांना पुस्तकांवर क्रमांक घालायला मदत करी. पुढे उज्जैनला विक्रम विद्यापीठात तिने ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण घेतले आणि सातपुड्याच्या बाजूच्या एका शहरातील मोठ्या रुग्णालयात ती ग्रंथपाल म्हणून लागली. निवृत्तीपर्यंत तेथेच होती. त्या रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही, कारण पुढे एक तक्रार सांगायची आहे आणि ती तक्रार अनेक ठिकाणी लागू पडेल.

उज्जैनचा उल्लेख आला म्हणून सांगतो. ज्यांना भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक म्हणतात ते डॉ. रंगनाथन १९५७ ते १९५९ या काळात विक्रम विद्यापीठात होते. आपल्या माळव्यात, येथून जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर. मूळचे ते मद्रासकडचे गणिताचे अध्यापक. १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे. ताई गेली तेव्हा रंगनाथन तेथे नव्हते, पण हे सूत्र तिला तेथेच शिकवले गेले. ती म्हणे, "शाळेच्या ग्रंथालयात वाचकाचा वेळ वाचला तर त्याला खेळायला मिळते. आमच्याकडे वाचक डॉक्टर असतो, आणि वाचतो तो वेळ त्याचा नसतोच, खाटेवरच्या माणसाचा असतो."

तिने सांगितलेला एक प्रसंग येथे सविस्तर सांगतो, कारण रुग्णालयातला ग्रंथपाल नेमके काय करतो हे त्यावाचून कळायचे नाही. आपल्यापैकी पुष्कळांची समजूत अशी असेल की तो जाडजूड पुस्तके कपाटात लावून ठेवतो आणि शांतता राखा अशी पाटी लावतो.

१९८०च्या दशकाच्या आरंभीची गोष्ट. संध्याकाळची वेळ, ग्रंथालय बंद होण्याच्या बेतात. एक तरुण निवासी डॉक्टर धापा टाकीत आला आणि म्हणाला, "यकृतावरचे सर्वांत नवे पुस्तक द्या." ताईने सरांचा प्रश्न विचारला. तो चिडला. म्हणाला, "रुग्णाला कावीळ झाली आहे." ताईने विचारले, "कशाने?" तेव्हा बाहेर आले की रुग्णावर क्षयाचे औषधोपचार चालू आहेत. आता विषय यकृताचा उरला नाही, औषधांचा झाला. क्षयावर जी प्रमुख औषधे दिली जातात त्यांपैकी आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तिन्ही यकृताला बाधू शकतात. अशा वेळी ती थांबवतात, यकृत सावरेपर्यंत दुसऱ्या औषधांवर भागवतात, आणि मग एकेक करून पुन्हा सुरू करतात. त्या दुसऱ्या औषधांत स्ट्रेप्टोमायसिनचे इंजेक्शन असे. ताईने तसे संदर्भ काढायला घेतले आणि सहज विचारावे तसे विचारले, "रुग्ण कोण आहे? वय काय?" उत्तर आले, "बाई आहे. पाचवा महिना आहे."

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबा. स्ट्रेप्टोमायसिन गर्भाच्या श्रवणशक्तीला अपाय करू शकते. यकृतावरच्या पुस्तकात त्या डॉक्टराला अर्धे उत्तर मिळाले असते, आणि ते अर्धे उत्तर पोटातल्या मुलाला भोवले असते. डॉक्टर अज्ञानी नव्हता. तो सलग तीस तास जागा होता, आणि थकलेला माणूस प्रश्न विचारताना त्यातला महत्त्वाचा शब्दच गाळतो. ताईने त्याला औषध सांगितले नाही. ते तिचे काम नव्हते, आणि ती मर्यादा तिने कधी ओलांडली नाही. तिने 'क्षय', 'कावीळ' आणि 'गरोदरपण' हे तीन शब्द एकत्र येतील असे लेख शोधले. दोन तिच्याच कपाटात होते. तिसरा मुंबईच्या एका वैद्यकीय महाविद्यालयात होता. तेथील ग्रंथपाल तिची मैत्रीण. ताईने ट्रंककॉल लावला, आणि मैत्रिणीने लेखातला आवश्यक मजकूर, औषधांची नावे एकेक अक्षर सुटे करून, फोनवर सांगितला. रात्री साडेनऊला तो कागद वॉर्डात पोचला.

त्या बाईचे पुढे काय झाले? मी हे ताईला विचारले होते. ती म्हणाली, "मला कळले नाही." मला ते फार चुकल्यासारखे वाटले. कादंबरी वाचणाऱ्या माणसाला शेवट हवा असतो. ताई म्हणाली, "तो डॉक्टर आठ दिवसांनी पुन्हा आला. या वेळी प्रश्न लिहून आणला होता." तिच्या लेखी तोच शेवट होता.

हे लेख ती शोधी तरी कसे? तेव्हा संगणक नव्हते, निदान तिच्याकडे नव्हते. होती ती 'इंडेक्स मेडिकस' नावाची सूची. अमेरिकी सैन्यातील एक शल्यवैद्य जॉन शॉ बिलिंग्ज यांनी वॉशिंग्टनच्या लष्करी वैद्यकीय ग्रंथालयात बसून १८७९ मध्ये ती सुरू केली. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत कोणता लेख कोठे आला याची ती विषयवार नोंद. मधली काही वर्षे सोडली तर ती २००४ पर्यंत छापील स्वरूपात निघत राहिली. ज्या अर्थी आपण मराठी माणसे आहोत त्या अर्थी अशा कामाची किंमत आपल्याला सांगायला नको. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातील छापील मराठी ग्रंथांची सूची केली. तिच्यावाचून मराठीत संशोधन करणारा एक पाऊल टाकू शकत नाही. माझा प्रबंध त्या सूचीच्या पाठीवर उभा आहे. तरीही आपण कवीचा पुतळा उभारतो, सूचीकाराचा उभारल्याचे मी पाहिलेले नाही.

सूचीचा प्राण असतो शब्दात, आणि शब्द हा माझा प्रांत आहे म्हणून येथे थोडा रेंगाळतो. एकाच रोगाला किती नावे असतात! 'देवी' म्हणा, 'शीतला' म्हणा, 'माता' म्हणा. 'क्षय' म्हणा की 'राजयक्ष्मा' की नुसते 'टी.बी.' म्हणा. इंग्रजीतही हाच गोंधळ. एक डॉक्टर एका नावाने लिहितो, दुसरा दुसऱ्या नावाने शोधतो, आणि दोघांची गाठ पडत नाही. म्हणून त्या अमेरिकी ग्रंथालयाने १९६० मध्ये मान्य शब्दांची एक यादी केली. रोगाला, औषधाला, अवयवाला एकेक ठरलेला मथळा, आणि बाकीची नावे त्या मथळ्याकडे बोट दाखवणारी. हा एक प्रकारचा कोशच आहे. ताई मला म्हणे, "तुम्ही मराठीवाले समानार्थी शब्दांच्या प्रेमात असता. आम्हाला त्यांच्याशी रोज भांडावे लागते."

आता थोडे मागे, दोनशे तीस वर्षे मागे जाऊ. ज्ञान असूनही ते ज्याला हवे त्याला मिळत नाही, आणि मिळते तेव्हा कोठल्या कोठे जाऊन पोचते, याची याहून बोलकी गोष्ट मला ठाऊक नाही. ती सुरू होते आपल्या पुण्याजवळ, आणि तिचा एक धागा आपल्या इंदुरात येतो.

कावसजी नावाचा एक मराठा शेतकरी इंग्रजी फौजेत बैलांचा हाक्या होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. 'नाक कापले जाणे' हा आपल्या भाषेत वाक्प्रचार आहे. त्या बिचाऱ्यावर तो अक्षरशः ओढवला. सुमारे वर्षभराने पुण्याजवळ विटा भाजणाऱ्या जातीतल्या एका माणसाने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोघा इंग्रज वैद्यांनी ते डोळ्यांनी पाहिले. त्याची हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात चित्रासह छापून आली. ध्यानात घ्या, ते वैद्यकाचे मासिक नव्हते. त्यात हवापाणी, मृत्युवार्ता, जुनी नाणी, सर्व काही असे. परंतु ते छापलेले होते आणि कोणीतरी जपून ठेवलेले होते. जोसेफ कार्प्यू नावाच्या लंडनच्या शल्यवैद्यापर्यंत ही हकीकत पोचली, आणि वीस वर्षांनी, १८१४ मध्ये, त्याने ती शस्त्रक्रिया करून दाखवली. १८१६ मध्ये त्यावर पुस्तक लिहिले. युरोपभर ती 'भारतीय पद्धत' म्हणून पसरली.

आणि इंदूर? आपल्याकडे १८७८ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू झाली; पुढे तिला किंग एडवर्डचे नाव मिळाले, आणि १९४८ मध्ये महात्मा गांधी स्मारक वैद्यकीय महाविद्यालय निघाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत येथील रेसिडेन्सीचे सर्जन होते डॉ. कीगन. नाक कापण्याची क्रूर शिक्षा आणि सूड तेव्हा या मुलखात चालत असत, आणि तसे रुग्ण त्यांच्याकडे येत. नव्या नाकाला आतून अस्तर नसल्याने ते आकसून जाई. कीगननी उरलेल्या नाकाची कातडी उलटी वळवून आतले अस्तर करण्याची सुधारणा केली आणि १९०० मध्ये लंडनहून पुस्तक प्रसिद्ध केले. पुण्याजवळच्या त्या कारागिराची विद्या लंडनचा वळसा घालून, मासिके आणि पुस्तकांतून फिरत, माळव्यात परत आली. त्या हकीकतीत कावसजीचे नाव आहे, शस्त्रक्रिया करणाऱ्याचे नाव नाही. विटा भाजणाऱ्याचे नाव विचारायचे कोणाला सुचले नाही. ते टिपून ठेवणारा कोणी असता तर आज वैद्यकाच्या इतिहासात एक मराठी नाव वाढले असते.

परदेशात ग्रंथपालाला वॉर्डात नेण्याची कल्पना १९७१ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस सिटी येथे गर्ट्रूड लॅम्ब या बाईंनी अमलात आणली. डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीत ग्रंथपालही हिंडे, तेथे उठणारे प्रश्न टिपून घेई आणि उत्तरे शोधून देई. पुढे १९९२ मध्ये रॉचेस्टर परिसरातल्या रुग्णालयांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. दोनशेहून अधिक डॉक्टरांना सांगितले होते की हाती असलेल्या एखाद्या रुग्णाविषयी ग्रंथालयाकडे प्रश्न पाठवा आणि मग त्या उत्तराचा काय उपयोग झाला ते कळवा. सुमारे ८० टक्के डॉक्टर म्हणाले की आपण उपचारात काही ना काही वेगळे केले, निदान बहुधा केले. हे त्यांचे स्वतःचे म्हणणे आहे, कोणी तराजूत तोललेले नाही, हे मी मान्य करतो. पण डॉक्टर मंडळी आपला निर्णय दुसऱ्याच्या सांगण्याने बदलला असे सहजासहजी कबूल करीत नाहीत, हेही आपण जाणतो.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. ज्ञान केवळ मोठ्या शहरांतून लहान गावांकडे जात नाही. कोकणात महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः मुले, दगावताना पाहिली. लक्षणांचे त्यांनी केलेले निरीक्षण १९८२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर उपयोगी पडते हा त्यांचा अनुभव १९८६ मध्ये त्याच साप्ताहिकात आला. मुंबई-पुण्याच्या प्रयोगशाळेतून नव्हे, तालुक्याच्या गावातून हे ज्ञान जगाला मिळाले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. परंतु मला दिसतो तो त्या लेखावर मथळा घालणारा कोणी अनामिक सूचीकार. त्याने 'विंचू' या शब्दाखाली तो नीट नोंदला नसता, तर दुसऱ्या कोठल्या देशातल्या डॉक्टराला महाड हे नाव कसे सापडले असते?

रक्तदाबावरच्या औषधाने जीव वाचल्याची ही हकीकत. आता रक्तदाबावरच्याच दुसऱ्या एका जुन्या औषधाची ऐका. २००१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे, जॉन्स हॉपकिन्स या जगद्विख्यात संस्थेत, दम्यावर एक संशोधन चालू होते. निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचे रसायन हुंगवायचे होते. ते १९५०च्या दशकात रक्तदाबासाठी वापरात होते, पुढे मागे पडले. संशोधकाने संगणकावर शोध घेतला, धोक्याचे काही आढळले नाही. २४ वर्षांची एक तरुणी, त्याच संस्थेत तंत्रज्ञ म्हणून काम करणारी, स्वयंसेवक झाली होती. मे महिन्यात तिने औषध हुंगले आणि २ जून रोजी फुप्फुसे निकामी होऊन ती वारली. पुढे निष्पन्न झाले की या औषधाने फुप्फुसांना इजा झाल्याच्या नोंदी १९५०च्या दशकातील नियतकालिकांत होत्या. पण संगणकावरची सूची तेव्हा १९६०च्या दशकाच्या मध्यापासून पुढचीच होती. त्याआधीचे सारे छापील खंडांत, कपाटांत होते. संगणकाने 'नाही' असे सांगितले नव्हते. 'माझ्याकडे नाही' एवढेच त्याच्या उत्तराचा अर्थ होता. या दोन वाक्यांतला फरक ज्याला ठाऊक असतो तो ग्रंथपाल. सरकारने त्या संस्थेतले माणसांवरचे संशोधन काही दिवस थांबवले, चौकशीत ग्रंथशोध अपुरा असल्याचा ठपका आला, आणि नंतरच्या वर्षांत जुन्या छापील सूच्याही संगणकात चढवल्या गेल्या.

आता ती तक्रार. ताई निवृत्त झाली त्यानंतर तिची जागा भरली गेली नाही. लेखनिकाकडे किल्ल्या दिल्या. काही वर्षांनी 'जागा मोकळी करणे' असा आदेश निघाला आणि १९७०च्या आधीचे बांधीव खंड रद्दीत गेले. किलोच्या भावाने. मी तेव्हा ताईकडे गेलो होतो. बाजारात एका गाडीवाल्याने भजी बांधून दिली तो कागद गुळगुळीत, इंग्रजी, दोन रकानी होता. ताईने भजी बशीत काढली, कागद उलगडून पाहिला आणि लेखाचा क्रमांक वाचला. बोलली काही नाही. बाल्टिमोरची घटना त्याच सुमारास घडून गेली होती. ती तिने मला त्या रात्री सांगितली. कागद तिने धुऊन वाळत घातला. तेलाचा डाग गेला नाही.

रुग्णांविषयी बोलल्यावाचून मात्र हा विषय पुरा व्हायचा नाही. रोगी आणि त्याचे नातलग हेही वाचक आहेत, हे आपल्याकडे उशिरा ध्यानात आले. मुंबईत डॉ. अनिरुद्ध आणि डॉ. अंजली मालपाणी यांनी १९९०च्या दशकात 'हेल्प' नावाचे केवळ रुग्णांसाठी, सर्वांना खुले असे ग्रंथालय काढले. त्याच्या आधीपासून ताई आपल्या परीने एक धडपड करीत होती, आणि तीत मीही ओढला गेलो.

सातपुड्याच्या दोन्ही अंगांना, विशेषतः आदिवासी बांधवांत, सिकल सेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आढळतो. डॉक्टर पालकांना घाईत चार शब्द सांगत, पालक मान डोलावून बाहेर येत आणि बाहेरच्या बाकावर एकमेकांना विचारत, "काय म्हणाले?" ताईने डॉक्टरांकडून मजकूर घेऊन साध्या मराठीत एक पानाचे पत्रक करायचे ठरवले आणि मसुदा माझ्याकडे धाडला. मी पीएच.डी. झालेला माणूस, मी त्यात 'रक्तकणिकांचे दात्राकृती विरूपण' असे लिहून पाठवले. तिने उलट टपाली कळवले : "दात्र म्हणजे काय हे मला शब्दकोशात पाहावे लागले. विळा लिही." मग 'वाहक' हा शब्द आला. ज्याला स्वतःला त्रास नाही पण जो मुलांत आजार उतरवू शकतो तो वाहक. पत्रक वाचून एका बापाने विचारले, "मी एस.टी.त कधी नव्हतो, मग मला वाहक का म्हटले?" तो शब्द आम्ही काढला.

सर्वांत अवघड ठरले एक वाक्य. आई आणि बाप दोघेही असे असतील तर मुलाला आजार होण्याची शक्यता चारांत एक. लोक त्याचा अर्थ असा घेत की एक मूल आजारी निघाले, आता पुढची तीन निर्धास्त. हे वाक्य आम्ही सहा वेळा लिहिले. अखेरीस 'प्रत्येक बाळंतपणाच्या वेळी चिठ्ठी नव्याने उचलावी लागते' असे काहीसे केले. माझे दोन समीक्षाग्रंथ प्रसिद्ध आहेत, त्यांची फारशी कोणी दखल घेतली नाही याचे मला दुःख नाही. पण त्या एका पानाइतकी काळजी घेऊन मी दुसरे काही लिहिले असेन असे वाटत नाही. वैद्यकीय मराठीचा प्रश्न जुनाच आहे. १८२६ साली मुंबईत देशी भाषांतून वैद्यक शिकवणारी शाळा निघाली होती, ती १८३२ मध्ये बंद पडली. पुढे ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात मराठी वर्ग होता, आणि तेथे शिकवणाऱ्या डॉ. सखाराम अर्जुन यांनी मराठीत वैद्यकाचे ग्रंथ लिहिले. त्यांना पडलेले प्रश्न आम्हालाही पडले, एवढेच.

आज मला तरुण मंडळी विचारतात, आता या ग्रंथपालांची गरज काय? सगळे फोनवर आहे. १९९७ पासून अमेरिकेची ती सूची 'पबमेड' या नावाने जगाला फुकट खुली आहे, तीत साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाकडून छायाप्रतीसाठी ताईला टपालाची वाट पाहावी लागे, ती पाळी आज येत नाही. हे सारे चांगलेच झाले. परंतु साडेतीन कोटींत शोधणे हे पाच कपाटांत शोधण्याहून सोपे असते असे ज्याला वाटते त्याने कधी शोधलेले नसते. आणि अलीकडे तर मागाल ते लिहून देणारी यंत्रे आली आहेत. माझ्या नातवाने एकदा मला अशा यंत्राकडून संदर्भांची यादी काढून दिली. लेखकांची नावे भारदस्त, नियतकालिके खरी, पृष्ठांकही दिलेले, आणि त्यांतले तीन लेख अस्तित्वातच नव्हते. यंत्राला 'सापडले नाही' असे म्हणण्याचा संकोच वाटत असावा.

ताईला तो संकोच नव्हता. ती एक वही ठेवी. लांबट, कापडी पाठीची, हिशेबाची असते तशी. डावीकडे तारीख आणि प्रश्न, मध्ये कोठे कोठे पाहिले त्याची यादी, उजवीकडे निकाल. जेथे उत्तर मिळाले नाही तेथे लाल शाईत 'सापडले नाही', आणि त्याखाली 'पाहायचे राहिले' म्हणून ज्या खंडांपर्यंत ती पोचू शकली नाही त्यांची नोंद. डॉक्टरांनाही ती हेच लिहून देई. काहींना त्यात अपमान वाटे. उत्तर नाही तर कागद कशाला, असे ते म्हणत.

ती गेल्यावर ही वही माझ्याकडे आली. लाल शाईचे एक्केचाळीस प्रश्न आहेत. येथल्याच एका तरुण ग्रंथपाल मुलीला मी विनंती केली. तिने सुटीचे दोन रविवार बसून ते सगळे नव्याने शोधले. नऊ प्रश्नांची उत्तरे आज मिळतात, ती तिने समोर पेन्सिलीने लिहिली आहेत. बत्तीस तसेच आहेत, आणि कोठे पाहिले ते तिनेही, न सांगता, ताईच्याच पद्धतीने खाली लिहिले आहे. वहीच्या शेवटच्या पानात तो तेलाचा डाग पडलेला कागद घडी करून ठेवलेला आहे.

ही वही मी आज शाळेच्या ग्रंथालयासाठी मुख्याध्यापिकाबाईंच्या हाती देत आहे. तिच्यावर क्रमांक अद्याप घातलेला नाही.